पिल्लू आणण्याआधी ऊब आणा

बाजाराच्या दिवशी टोपलीत गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं चिवचिवत असतात. लेकरू आईचं बोट सोडतं, टोपलीपाशी बसतं आणि उठायला तयार होत नाही. दहा-वीस रुपयांची तर गोष्ट, म्हणून आई दोन पिल्लं घेऊन देते. घरी आल्यावर ती बुटाच्या खोक्यात जातात. मूठभर तांदूळ, वाटीत पाणी, आणि रात्री खोकं ओट्याखाली. सकाळी एक आडवं पडलेलं असतं, दुसऱ्यानं मान टाकलेली असते. तिसऱ्या दिवशी खोकं रिकामं होतं. लेकराला सांगतात, पिल्लं आजारीच होती बाळा.

ती बहुतेक वेळा आजारी नसतात. गारठून मेलेली असतात.

वरवे बुद्रुकमध्ये आणि आपल्या शिवगंगा खोऱ्यातल्या गावागावांत हे दर हिवाळ्यात होतं. हौसेनं आणलेल्या दोन पिल्लांचं होतं, तसं चार पैसे सुटतील म्हणून आणलेल्या पन्नास पिल्लांचंही होतं. म्हणून थंडी सुरू व्हायच्या आत हे लिहिते आहे. आयाबायांनो, काकूंनो, शाळेतल्या पोरापोरींनो, पिल्लू आणायच्या आदल्या दिवशी त्याची उबदार जागा तयार करा. ती जमत नसेल तर या वेळी पिल्लू आणू नका. माझं मागणं एवढंच आहे. ते कसं जमवायचं, हे पुढे सविस्तर सांगते.

आधी माझी चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी जानेवारीत मी पन्नास पिल्लं आणली होती. पडवीत विटा रचून चौकोन केला, खाली तूस पसरलं, वर दोन बल्ब सोडले आणि दमून झोपले. रात्री कधीतरी लाईट गेली. पहाटे उठून पाहिलं तर एका कोपऱ्यात पिल्लांचा ढीग झालेला. वरची जिवंत, खालची चेंगरून, गुदमरून मेलेली. एकोणीस पिल्लं त्या एका रात्रीत गेली. उरलेली चांगली दिसत होती, दाणा टिपत होती, पण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तीही एकेक करून मान टाकायला लागली. शेजारच्या आत्या आल्या, त्यांनी तो चौकोन पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, आईच्या पंखाखालचं लेकरू तू उघड्यावर ठेवलंस. बल्ब विझला तर त्याला पंख असतात का?" आत्यांचं बोलणं मला लागलं. तेव्हापासून मी पिल्लांपेक्षा आधी पंखांची सोय करते.

खुडूक कोंबडी अंड्यांवर एकवीस दिवस बसते. तिच्या अंगाची ऊब एक्केचाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास असते, म्हणजे माणसाला सणकून ताप आल्यावर जेवढं अंग तापतं तेवढी. पिल्लं बाहेर आली तरी ती त्यांना सोडत नाही. दाणा टिपायला दोन मिनिटं बाहेर काढते आणि परत पोटाखाली घेते. एका दिवसाच्या पिल्लाच्या अंगावर पिसं नसतात, नुसती लव असते. अंग गरम ठेवायची शक्ती त्याला हळूहळू येते. पहिले दोन आठवडे तर ती फारच तोकडी असते, आणि अंगावर पुरती पिसं यायला पाच-सहा आठवडे लागतात. डालग्याखाली आईसोबत वाढणाऱ्या गावठी पिल्लाला हे सगळं आपसूक मिळतं. हॅचरीतून आलेल्या पिल्लाला आई नाही. ती जागा तुमच्या-माझ्या घरानं घ्यायची आहे.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. अंड्यातून बाहेर यायच्या जरा आधी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेतं. त्या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस दाण्यापाण्यावाचून तग धरू शकतं. म्हणून तर पिल्लं खोक्यातून लांबलांबच्या गावी पाठवता येतात आणि बाजारातल्या टोपलीत टुणटुणीत दिसतात. पण थंडी लागली की हा बलक नीट जिरत नाही, पोटातच नासतो, बेंबीपाशी सूज येते आणि पिल्लू चार-पाच दिवसांनी जातं. तेव्हा आपण म्हणतो, रोग आला. खरं तर पहिल्या रात्रीचा गारठा पाचव्या दिवशी जीव घेऊन गेलेला असतो. माझ्या उरलेल्या पिल्लांचं तेच झालं होतं.

त्या रंगीत पिल्लांबद्दलही बोलायला हवं. अंड्यांसाठी पाळतात त्या जातीचे नर अंडी देत नाहीत आणि त्यांच्या अंगावर मांसही धरत नाही. हॅचरीला त्यांचा उपयोग नसतो. जगात बहुतेक ठिकाणी अशी नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीनं १ जानेवारी २०२२ पासून यावर कायद्यानं बंदी घातली. आपल्याकडे त्यातली काही रंगात बुडवून बाजारात, जत्रेत विकायला येतात. रंगात भिजलेली लव पुरती सुकलेली नसते, उघड्या टोपलीत वारा लागत असतो, शेकडो हात फिरत असतात. तुमच्यापर्यंत येईतो ते पिल्लू अर्धं गारठलेलं असतं. लेकराचा हट्ट मोडवत नसेल तर त्याला समजेल असं सांगा, की हे रंगवलेलं पिल्लू आपण घेतलं की दुसरं रंगवलं जाईल. पिल्लू पाळायचंच असेल तर गावातच कोणाच्या तरी घरी खुडूक बसलेली असते. तिची चार पिल्लं आईसकट महिनाभर बघायला मिळाली तर त्यात लेकराला जास्त शिकायला मिळतं. आणि पन्नास-शंभर हवी असतील तर गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया अशा परसात पाळायच्या जाती घ्या. पुण्यात खडकीला सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथं आगाऊ चौकशी करा. घेताना पिल्लू हातात धरून बघा. बेंबी सुकलेली, डोळे चमकदार, पाय तुकतुकीत, आणि उताणं केलं तर चटकन उलटणारं असं असावं.

आता जागा. पाच-दहा पिल्लांना टीव्हीचं किंवा फ्रिजचं जाड खोकं पुरतं. दीड फूट उंच भिंती हव्यात, म्हणजे वाऱ्याची झुळूक थेट अंगावर येत नाही. चारही कोपरे पुठ्ठा वाकवून गोल करा. पिल्लं थंडीनं किंवा भीतीनं कोपऱ्यात घुसतात, एकावर एक चढतात आणि खालचं गुदमरतं. माझ्या चौकोनात हेच झालं. पन्नासाच्या वर असतील तर पत्र्याची किंवा पुठ्ठ्याची दीड फूट उंच पट्टी गोल उभी करा, कोंबडीवाले तिला चिक गार्ड म्हणतात. गोलात कोपराच नसतो.

खाली दोन-तीन इंच भाताचं तूस. भोर-वेल्ह्यात आंबेमोहर आणि इंद्रायणी पिकवणाऱ्यांना हे विकत घ्यायची गरज नाही, गिरणीवर पोतंभर मिळतं. तूस कोरडंठाक असलं पाहिजे, आधी उन्हात वाळवून घ्या. लाकडाचा बारीक भुसा नको, त्याची धूळ नाकात जाते. पहिले दोन दिवस तुसावर गोणपाट अंथरा, नाहीतर पिल्लं दाणा समजून तूस खातात. नुसतं वर्तमानपत्र पसरू नका. त्यावर पाय घसरतात, फाकतात, आणि फाकलेला पाय पुढे सरळ होणं अवघड असतं.

उबेसाठी बल्ब लागतो, आणि इथं हल्ली सगळे फसतात. घरात एलईडी बल्ब आले. ते उजेड देतात, ऊब देत नाहीत म्हटलं तरी चालेल. नऊ वॅटच्या एलईडीखाली पिल्लं ठेवून लोक म्हणतात, बल्ब तर रात्रभर चालू होता! तारेचा जुना पिवळा बल्बच हवा. तो किंवा उबेसाठीचा लाल इन्फ्रारेड बल्ब पोल्ट्रीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. पिल्लामागे दोन वॅट हा कुक्कुटपालनातला जुना हिशोब. दहा पिल्लांना त्या हिशोबानं वीस वॅट येतात, पण थोडी पिल्लं एकमेकांना पुरेशी ऊब देऊ शकत नाहीत, म्हणून लहान खोक्यालाही मी साठचाच बल्ब लावते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येतो, तेव्हा हिशोबापेक्षा जास्तच धरा. एकाच मोठ्या बल्बपेक्षा दोन लहान बल्ब बरे. एक गेला तरी दुसरा असतो.

बल्ब खोक्याच्या मधोमध नको, एका बाजूला हवा. दुसरी बाजू जरा थंड राहू द्या. पिल्लाला उकडलं तर दूर जाता आलं पाहिजे, गार वाटलं तर जवळ येता आलं पाहिजे. बल्ब तळापासून फूट-दीड फूट उंच ठेवा, साखळीनं किंवा जाड तारेनं टांगा. विजेच्या वायरवर त्याचा भार देऊ नका. होल्डर चिनी मातीचा घ्या, प्लास्टिकचा वितळतो. बल्बभोवती जाळीचं कडं करा, आणि पुठ्ठा, गोणपाट, तूस यांतलं काहीही त्याला टेकत नाही हे हात फिरवून बघा. पुठ्ठा आणि तूस धडधडा पेटतं. आग लागली तर पिल्लांबरोबर घरही जाईल.

पिल्लं यायच्या चार-पाच तास आधी बल्ब लावा. थंडगार तुसावर पिल्लं सोडून मग बल्ब लावला तर पोटाला खालून गारठा बसतोच. थर्मामीटर असेल तर तो बल्बच्या बाजूला, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे तळापासून दोन इंचांवर धरा. पहिल्या आठवड्यात पस्तीस अंश सेल्सिअस, जुन्या भाषेत पंचाण्णव फॅरेनहाइट. पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत जा, बल्ब थोडा वर उचलत.

पण थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघायला शिका. बल्बखाली दाटीवाटीनं, एकमेकांत घुसून बसलीत आणि चिवचिव मोठी, कर्कश चालली आहे, तर त्यांना थंडी वाजते आहे. बल्बपासून लांब, कडेला चिकटून, चोच उघडी टाकून, पंख अंगापासून सुटे धरून बसलीत, तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला गोळा झालीत, तर दुसऱ्या बाजूनं कुठून तरी वारा लागतोय, ती फट शोधा. सगळीकडे सारखी पसरलीत, कोणी टिपतंय, कोणी पाय लांब करून झोपलंय, आणि आवाज हलका, संथ आहे, म्हणजे ठीक चाललंय. दोन दिवस लक्ष दिलं की हा आवाज ओळखू येतो. मी आता झोपेतही चिवचिव बदलली की उठते. पहिल्या तीन रात्री गजर लावून उठायचंच. दोनला आणि चारला. पहाटेचा चारचा गारठा सगळ्यात वाईट.

लाईट जाणारच असं धरून चाला. आपल्याकडे वादळात, पावसात, कधी काही कारण नसतानाही जाते. त्यासाठी काचेच्या किंवा जाड प्लास्टिकच्या बाटल्या तयार ठेवा. लाईट गेली की पाणी कडकडीत नको, हात सहन करेल त्याहून थोडं जास्त गरम करा, बाटल्यांत भरा, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळा आणि खोक्यात आडव्या ठेवा. पिल्लं त्यांना आई समजून चिकटून बसतात. खोक्यावर गोधडी टाका, पण एक बाजू मोकळी ठेवा. दर दीड-दोन तासांनी पाणी बदलायचं. हे कष्टाचं आहे, पण यानं पिल्लं वाचतात.

आणि शेगडी. हे वाचणाऱ्यांतल्या कोणी बाकीचं काही केलं नाही तरी एवढं ऐका. कोळशाची शेगडी, निखाऱ्याचं घमेलं बंद खोलीत ठेवू नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही. झोप लागते आणि जाग येत नाही. पिल्लं जवळ असावीत म्हणून लोक ती झोपायच्या खोलीत घेतात, थंडी म्हणून खिडकी लावतात, आणि मग शेगडी पेटवतात. असं कधीही करू नका. मोठ्या शेडमध्ये शेगडी लावणाऱ्यांनीही ती बाहेर पेटवून, धूर पूर्ण जाऊ देऊन, वरची झरोक्याची जाळी उघडी ठेवूनच आत घ्यावी, आणि त्या शेडमध्ये कोणी झोपू नये. घरात दोन-चार पिल्लांसाठी शेगडीची गरजच नाही. बाटलीचं गरम पाणी पुरतं.

दारं-खिडक्या कागदानं, प्लास्टिकनं हवाबंद करण्याचाही मोह होतो. तोही टाळा. विष्ठेतून अमोनिया निघतो. खोक्यावर तोंड नेल्यावर तुमचे डोळे चुरचुरले तर पिल्लांची फुप्फुसं त्याहून चुरचुरताहेत. वारा खाली पिल्लाच्या अंगावर नको, पण वरून कोंदट हवा बाहेर गेली पाहिजे.

पिल्लं महिन्याची होऊन खुराड्यात जायला लागली की वेगळी काळजी सुरू होते. आपलं गाव पुणे-सातारा रस्त्यावर असलं, बाजूनं प्लॉट पडले असले, तरी डोंगर जवळ आहे. घूस आहे, मुंगूस आहे, रानमांजर आहे, नाग-धामण आहेत, मोकाट कुत्री तर आहेतच. कोंबड्यांची म्हणून दुकानात जी पातळ, षटकोनी छिद्रांची जाळी मिळते, ती कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला थांबवत नाही. घूस ती कुरतडते, मुंगूस छिद्रातून पंजा घालून पिल्लाचा पाय ओढतं. वेल्ड केलेली, अर्ध्या इंचाच्या चौकटीची जाळी घ्या. महाग पडते, पण एकदाच पडते. पिल्लांच्या पिंजऱ्याला तळाकडे दोन फुटांपर्यंत तरी तीच लावा. वरही जाळी हवीच, घार आणि कावळा वरून येतात.

पिंजरा जमिनीवर असेल तर जाळी फूटभर खाली पुरा किंवा तळाला दगडगोट्यांचा थर द्या, नाहीतर घूस खालून येते. त्यापेक्षा दोन फूट उंच पायांवर उभा केलेला पिंजरा बरा. पायांना गुळगुळीत पत्र्याची पट्टी गुंडाळली की उंदीर चढू शकत नाहीत. दाराला नुसती कडी पुरत नाही, मांजर पंजानं ती उचलतं. कडीत खिळा किंवा बारीक कुलूप घाला. आणि आत साप दिसला तर हात घालू नका, काठीही मारू नका. गिळून फुगलेला साप आलेल्या फटीतून परत जाऊ शकत नाही, तो तिथंच थांबतो. सर्पमित्राला बोलवा. मग ती फट शोधून बुजवा, कारण वाट सापडली की दुसरा येतो.

दाणापाण्याचं थोडक्यात सांगते, यात बहुतेक जणी चुकत नाहीत. आल्याबरोबर आधी पाणी. उकळून कोमट केलेलं, लिटरमागे दोन चमचे गूळ विरघळवलेलं. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवून दाखवा. बशीत खडे टाका, म्हणजे पिल्लू आत पडून भिजणार नाही. भिजलेलं पिल्लू बल्बखालीही गारठतं. दोन-तीन तासांनी दाणा. पहिल्या दिवशी मक्याचा भरडा किंवा तांदळाची कणी चालते, पण महिनाभर नुसत्या कणीवर ठेवलं तर पाय वाकडे होतात, वाढ खुंटते. पिल्लांचं खाद्य म्हणजे चिक स्टार्टर आणा. दोन पिल्लांना किलोभरही बरेच दिवस पुरतं. बूड विष्ठेनं चिकटलं असेल तर ओढून काढू नका, कोमट पाण्यात कापूस भिजवून हळूहळू सोडवा आणि लगेच कोरडं करा.

पावसाळ्यात या भागात तूस ओलं होतं आणि ओल्या तुसात रक्ती हगवण लागते. रोज हलवा, ओला भाग काढून टाका, पाण्याचं भांडं विटेवर ठेवा. जमलं तर पिल्लं फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा पाऊस ओसरल्यावर आणा, ऐन डिसेंबरात किंवा आषाढात नको. पहिल्यांदाच पाळणाऱ्यांनी तर नकोच.

लस टाळू नका. मानमोडीला पशुवैद्य रानीखेत म्हणतात, कारण आपल्या देशात तो रोग कुमाऊंमधल्या रानीखेतला पहिल्यांदा ओळखला गेला. तो आला की गल्लीतल्या कोंबड्या आठवड्यात साफ होतात. पहिल्या आठवड्यात डोळ्यात लासोटा या मानमोडीच्या लशीचा थेंब, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, हे साधारण वेळापत्रक. नेमकं पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारून घ्या. अडचण अशी, की कुपीत शंभरावर डोस असतात आणि घरात पिल्लं दहा. म्हणून आळीतल्या पाच-सहा घरांनी एकाच आठवड्यात पिल्लं आणावीत, एकच कुपी बर्फाच्या थर्मासमध्ये आणावी आणि तासा-दोन तासांत संपवावी. वरव्यात हे आपण करू शकतो. बचतगटाच्या बैठकीत हा विषय घ्या.

इथं एका वेगळ्या प्राण्याचं सांगते, कारण त्याचाही प्रश्न उबेचाच होता. महामार्गाकडच्या एका बंगल्यात पुण्याहून सुट्टीला आलेली शाळकरी मुलगी गेल्या थंडीत मला विचारायला आली. तिच्याकडे हेजहॉग होता, आफ्रिकेकडचा, दोन मुठींएवढा, पाठीवर काटे असलेला प्राणी. सकाळपासून गोळा होऊन पडला होता, हलत नव्हता, पोट गार लागत होतं. तिला वाटलं, हा थंडीत झोपत असणार. पाळीव हेजहॉगला ही झोप मानवत नाही. चोवीस ते सत्तावीस अंशांच्या खाली फार गेलं की तो सुन्न पडतो आणि वेळीच ऊब मिळाली नाही तर त्यातून उठत नाही. आम्ही त्याला फडक्यात गुंडाळून तिच्या पोटाशी धरलं, शेजारी कोमट बाटली ठेवली, तासाभरानं तो हलला. एकदम गरम केलं असतं तर धक्का बसला असता. मग लगेच पशुवैद्याकडे धाडलं. त्याच्या पिंजऱ्याला पिल्लांसारखा उजेडाचा बल्ब चालत नाही, तो रात्री जागणारा प्राणी आहे. त्याला उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लागतो, लपायला खोपटं लागतं, पाय अडकणार नाही असा सपाट तळ लागतो. बाकी नियम तोच, एक बाजू उबदार, एक बाजू जरा थंड. कोणी म्हणेल, आपल्याकडच्या माळावरही असा काटेरी प्राणी असतो, तो धरून आणू. तसं करू नका. आपल्या देशातले रानातले हेजहॉग वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत.

पुन्हा पिल्लांकडे. लेकरांना त्यांच्याजवळ जाऊ द्या, पण पिल्लाला तोंडाशी नेऊ देऊ नका, अंथरुणात घेऊ देऊ नका, आणि प्रत्येक वेळी साबणानं हात धुवायला लावा. कोंबड्यांच्या विष्ठेतून जंतू पोटात जातात. लहानग्यानं पिल्लू मुठीत आवळलं तर त्याचा श्वास कोंडतो, कारण पक्षी छाती हलवूनच श्वास घेतो. दोन्ही तळवे खालून ओंजळीसारखे धरायचे, वरून दाबायचं नाही, हे एकदा करून दाखवा. शाळकरी मुलावर खोक्याची एक जबाबदारी टाका. आमच्याकडे संध्याकाळी सात वाजता पिल्लं कशी बसलीत ते वहीत लिहायचं काम नातीचं असतं. "दाटीनं" असं लिहिलं की मी बल्ब खाली घेते, "लांब लांब" लिहिलं की वर उचलते.

पाचव्या आठवड्यात पिसं भरली की दिवसा बल्ब बंद करा, रात्री चालू ठेवा. सहाव्या आठवड्यात, थंडी फार नसेल तर, रात्रीही बंद. पिल्लं आता चढून बसायला बघतात. फूटभर उंचीवर बांबूची दांडी बांधा, जाडी अंगठ्याहून थोडी जास्त, गुळगुळीत केलेली. पहिल्या रात्री एखादं वर बसेल, बाकीची खाली दाटी करतील. आणखी चार-पाच दिवसांत सगळी दांडीवर ओळीनं बसलेली दिसतात. त्या रात्री बॅटरी घेऊन जा. उजेड डोळ्यावर टाकू नका, खाली टाका. पिल्लं मोजा, आणि कडीत खिळा आहे का, तो हातानं चाचपून मगच झोपायला या.